काम सोडल्यावर वाढलेला आजार: चप्पल चिकटवणाऱ्या पाच बायांचं प्रकरण

पार्श्वभूमी

वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेजवळचं, हजार-बाराशे वस्तीचं गाव. कोरडवाहू शेती, कापूस, सोयाबीन, तूर. ओळख पटू नये म्हणून वयं आणि काही घरगुती तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

कापसाची वेचणी आटोपली की इथे बायांच्या हाताला फारसं काम उरत नाही. तालुक्याच्या गावचा एक व्यापारी घरपोच काम द्यायचा. कापून आणलेले सोल आणि पट्टे टाकून जायचे, बायांनी ते सोल्युशनने चिकटवायचे, सुकवायचे, जोड्या बांधून ठेवायच्या. जोडीमागे मिळायचे दोन-अडीच रुपये. एका घरातल्या दोन जावा आणि शेजारच्या तिघी मिळून पाच जणी हे काम करत. जागा म्हणजे कापूस भरायची खोली: वर टिनं, एक दार, एक हातभर खिडकी. ती बरेचदा रिकामी असायची, म्हणून तीच निवडली.

खोलीचं दार बहुतेक वेळ लोटलेलंच असे. थंडीत गारव्यामुळे, एप्रिल-मेमध्ये उन्हाच्या झळांमुळे आणि बाराही महिने ओल्या सोलवर धूळ बसू नये म्हणून. दुपारचं जेवण तिथेच होई. रात्री थोरल्या जावेची सातवीतली मुलगी त्याच खोलीत निजायची, कारण पंखा तिथे होता.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर व्यापाऱ्याने माल बदलला. आधीचं सोल्युशन शिक्का असलेल्या डब्यात यायचं. आता मोठ्या पिंपातून भरलेल्या, नाव-गाव नसलेल्या कॅन येऊ लागल्या आणि सोबत पातळ करायला वेगळा थिनर. बायांना हा बदल आवडला होता. नवं सोल्युशन लवकर सुकायचं, वास कमी उग्र होता, आणि हाताला चिकटलेलं त्याच थिनरने पुसून निघायचं.

त्रास कसा सुरू झाला

थोरली जाऊ, वय अडतीस. फेब्रुवारीत तिच्या पायाच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. महिनाभरात त्या घोट्यापर्यंत चढल्या. "चप्पल पायातून कवा सुटली थे समजतच नाई मले," असं ती आशाताईंना, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीला म्हणाली होती, आणि तिच्या आजाराचं याहून नेमकं वर्णन पुढच्या कुठल्याही कागदावर सापडत नाही. एप्रिलपर्यंत हाताची बोटंही बधिर झाली. सुईत दोरा ओवता येईना, चुलीवरचं भांडं उचलताना चटका उशिरा कळू लागला.

तालुक्यातल्या एका खाजगी डॉक्टरांनी मणक्यात नस दबली असावी असं सांगून बी-१२ची इंजेक्शनं दिली. थोडं बरं वाटलं, मग पुन्हा तेच. या इंजेक्शनांमुळे पुढे एक अडचण झाली. रुग्णालयात रक्तातलं बी-१२ तपासलं तेव्हा ते भरपूर निघालं, पण ते मुळात भरपूर होतं की सुईतून आलं होतं हे कोणालाच सांगता येईना.

मे महिन्यात धाकट्या जावेलाही, वय सव्वीस, तोच त्रास सुरू झाला. तिचा वेग जास्त होता. पंधरा दिवसांत उकिडवं बसून उठणं जमेनासं झालं.

निदानाचे फाटे

वर्ध्याजवळचं दत्तपूर आणि वरोऱ्याचं आनंदवन ही कुष्ठरुग्णांसाठीची केंद्रं ज्या मुलखात आहेत, तिथे बधिरपणा म्हटला की आरोग्य कर्मचाऱ्याच्या डोक्यात पहिला शब्द येतो कुष्ठरोग. तो यायलाच हवा. आशाताईंनी थोरलीला तपासणीला पाठवलं ते योग्यच होतं. पण अंगावर एकही चट्टा नव्हता, कोपराजवळची नस जाड लागत नव्हती, आणि बधिरपणा दोन्ही पायांत अगदी सारखा, मोजे घातल्यासारखा होता. कुष्ठरोगात नसा बहुधा एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त धरल्या जातात आणि अँकल जर्क, म्हणजे टाचेमागच्या शिरेवर हातोडीने ठोकल्यावर पावलाला बसणारा झटका, सहसा शाबूत राहतो. थोरलीचा दोन्ही पायांचा अँकल जर्क गेलेला होता. कुष्ठरोग नाही असं केसपेपरवर लिहिलं गेलं. गावात मात्र तपासणीला नेलं एवढंच पोहोचलं आणि महिनाभर तिच्या हातचं पाणी कोणी घेतलं नाही.

दुसरा फाटा फवारणीचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून शेतमजूर दगावले, तेव्हापासून इथले डॉक्टर हा प्रश्न विसरत नाहीत. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या काही कीटकनाशकांच्या विषबाधेनंतर एक ते तीन आठवड्यांनी पायांतली ताकद जाऊ शकते. पण त्याआधी विषबाधेचा ठळक प्रसंग घडलेला असतो: उलट्या, लाळ, घाम, दवाखान्यात भरती. असं काही झालं नव्हतं. साखर दोघींचीही ठीक होती. दारू नाही.

तिसरा फाटा सगळ्यांत महाग होता. धाकटीला नागपूरला पाठवलं. तिथल्या नर्व्ह कंडक्शन तपासणीत नसांमधून संदेश जाण्याचा वेग बराच मंदावलेला दिसला. असा मंद वेग नसांवरचं आवरण खराब झाल्याची खूण समजला जातो, म्हणून जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते) किंवा त्याचाच लांबत जाणारा प्रकार असावा असा विचार झाला आणि इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे शिरेतून द्यायच्या प्रतिपिंडांची चर्चा निघाली. हे औषध वजनाच्या किलोमागे २ ग्रॅम, म्हणजे पन्नास किलोच्या बाईला १०० ग्रॅम लागतं. खर्च लाखांत जातो. दिराने बैलजोडी विकायची बोलणी सुरू केली होती.

दोन केसपेपर एका टेबलावर

कलाटणी मिळाली ती ग्रामीण रुग्णालयात. तिथल्या वैद्यकीय अधिकारी थोरलीला पाहत होत्या. सोबत आलेल्या सासूने सहज सांगितलं की धाकटीलाही असंच झालं आणि तिला नागपूरला नेलं. जावांमध्ये सहसा रक्ताचं नातं नसतं. आनुवंशिक आजार दोघींना होणार नाही. जीबीएस एकाच घरात दोघींना, तेही तीन महिन्यांच्या अंतराने, जवळजवळ अशक्य. मग दोघींमध्ये सामाईक काय?

डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं ते पाणी आणि तेलाबद्दल. मग विचारलं, "दिवसभर दोघी काय करता?" उत्तर आलं, "चपला चिकटवतो न बाई."

पुढे त्यांनी जे केलं ते मला या प्रकरणातलं सगळ्यांत चांगलं काम वाटतं, आणि त्याला एक पैसाही लागला नाही. केसपेपरच्या मागे त्यांनी खोलीचा नकाशा काढायला लावला. कोण कुठे बसतं? थोरली आतल्या कोपऱ्यात, सोल्युशन लावायला. धाकटी तिच्या शेजारी, थिनर कालवायला. तिसरी त्यांच्या समोर. चौथी भिंतीशी, सुकलेले जोड तपासायला. पाचवी दाराच्या उंबऱ्याशी, जोड्या बांधायला. दुसऱ्या दिवशी उरलेल्या तिघींना बोलावून ट्यूनिंग फोर्क (कंपन कळतं का हे पाहायचा धातूचा चिमटा) आणि हातोडीने तपासलं. तिसरीच्या अंगठ्याला कंपन कळत नव्हतं. चौथीला साठी उलटलेली, शुगर जुनी. तिच्याही पायांना मुंग्या होत्या, पण तिने त्या शुगरच्या खात्यावर टाकल्या होत्या. उंबऱ्याशी बसणारी ठणठणीत होती. मुलीचे जर्क नीट होते.

कॅनवर काही लिहिलेलं नव्हतं. व्यापाऱ्याला फोन केल्यावर तो आधी घाबरला, मग मूळ पिंपावरच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. सोल्युशनमध्ये हेक्झेन. थिनरमध्ये हेक्झेन आणि मिथाइल इथाइल कीटोन.

हेक्झेन नसांचं काय करतं

बाजारात मिळणारं हेक्झेन हे मिश्रण असतं. त्यातला एन-हेक्झेन हा घटक घातक. तो श्वासातून आणि काही प्रमाणात कातडीतून शरीरात जातो आणि यकृतात त्याचं २,५-हेक्झेनडायोन बनतं. हे द्रव्य नसांच्या तंतूंमधल्या प्रथिनांना एकमेकांत जखडून टाकतं. तंतू जागोजागी फुगतात आणि टोकाकडून मोडत येतात. सगळ्यांत लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात तिथून. फुगलेल्या जागी वरचं आवरणही विस्कटतं, त्यामुळे नर्व्ह कंडक्शनचा वेग मंदावतो आणि जीबीएसचा भास होतो.

मिथाइल इथाइल कीटोन एकट्याने हा आजार करत नाही, पण हेक्झेनसोबत आलं की हेक्झेनचं विष वाढवतं. १९७०च्या दशकात पश्चिम बर्लिनमध्ये थिनर हुंगणाऱ्या तरुणांत हे दिसलं. ते वर्षानुवर्षे हुंगत होते. थिनरमध्ये हे कीटोन मिसळलं जाऊ लागल्यावर थोड्याच महिन्यांत त्यांचे हातपाय लुळे पडू लागले.

चपलांशी तर या आजाराचं नातं जुनं आहे. जपानमध्ये बेंझीनवाल्या गोंदाने रक्ताचे आजार झाले म्हणून बेंझीन काढलं आणि त्याच्या जागी हेक्झेन आणलं. १९६०च्या दशकात तिथल्या सँडल बनवणाऱ्या कामगारांत नव्वदहून अधिक जणांना हाच त्रास झाला. त्यांतले कितीतरी जण घरच्याच खोलीत काम करणारे होते. आपल्या खोलीतल्या बायांनाही कमी वासाचा माल जास्त चांगला वाटला होता, हे इथे लक्षात घ्यावं.

एक गोष्ट भौतिकशास्त्राची. हेक्झेनची वाफ हवेपेक्षा जवळपास तिप्पट जड असते. ती खाली बसते. बायाही खालीच बसत होत्या.

समोरचे पर्याय

नागपूरच्या डॉक्टरांना फोनवर खोलीची हकीकत कळवली गेली. इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं की थांबायचं, हा पहिला निर्णय. जीबीएस चार आठवड्यांच्या आत आपलं टोक गाठतो. धाकटीचा त्रास त्या वेळी पाचव्या आठवड्यात होता आणि हळूहळू वाढतच होता. श्वास आणि गिळणं ठीक होतं. मणक्यातल्या पाण्यात प्रथिनं वाढलेली नव्हती; जीबीएसमध्ये ती बहुधा वाढतात. वरिष्ठांनी दोन आठवडे थांबायचं ठरवलं, रोज श्वासाची क्षमता मोजत. बैल वाचले. पण हे एवढ्या सहज लिहू नये: तो खरंच जीबीएस असता आणि वाट पाहण्यात वेळ गेला असता, तर हाच निर्णय चुकीचा ठरला असता. तो घेता आला कारण फोनवर केवळ शंका नव्हती, पाच जणींची तपासणी आणि पिंपाची चिठ्ठी होती.

दुसरा निर्णय पुराव्याचा. लघवीत २,५-हेक्झेनडायोन मोजता येतं, पण ते शरीरातून लवकर निघून जातं. काम बंद करून आठवडा झालेल्या बाईच्या लघवीत काही सापडणार नाही. नमुना घ्यायचा तर आठवड्याच्या शेवटी, कामाचा दिवस संपताना, आणि अजून काम करणाऱ्या बाईचा. म्हणजे पुराव्यासाठी तिसरीला आणखी चार दिवस त्या खोलीत बसवायचं का? वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नाही म्हटलं. माझ्या मते बरोबर.

तिसरा निर्णय कामाचा. पाच जणींपैकी तिघींवर बचत गटाचं कर्ज होतं. काम पूर्ण बंद केलं तर हप्ता थकणार. काम अंगणातल्या मांडवाखाली न्यायचं, ही मधली वाट. मास्कचा पर्याय लगेच बाद झाला. साधा कापडी किंवा दवाखान्यातला मास्क वाफ अडवत नाही. कोळशाची डबी लावलेला मास्क चालतो, पण चव्वेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तो तोंडावर कोण ठेवेल? भिंतीत खाली एक्झॉस्ट बसवायचा विचारही सोडावा लागला. हेक्झेन उणे बावीस अंशांवरही पेट घेऊ शकतं, आणि साध्या पंख्याच्या मोटरची ठिणगी त्या बंद खोलीत पुरेशी होती. खरं तर खोलीला आग लागली नाही हेच नवल.

चौथा पर्याय माल बदलण्याचा. पाण्यात बनवलेले गोंद मिळतात, पण पावसाळ्यात लवकर सुकत नाहीत. हेक्झेनऐवजी हेप्टेन वापरलेलं सोल्युशन नसांना कितीतरी कमी घातक, पण महाग.

शेवटी ठरलं ते असं: ज्यांच्या नसांवर परिणाम दिसतो त्या चौघींनी काम पूर्ण थांबवायचं. उंबऱ्याशी बसणारीने हवं तर अंगणात फक्त बांधणी करावी. कॅन खोलीतून बाहेर काढायच्या. मुलीने त्या खोलीत निजायचं नाही.

काम थांबवल्यानंतरचे दोन महिने

जूनच्या पहिल्या आठवड्यात काम थांबलं. जुलैमध्ये थोरलीचं पाऊल पडू लागलं, म्हणजे चालताना पुढचा भाग उचलला जाईना, जमिनीवर घासटायचा. जुलैअखेर ती भिंत धरल्याशिवाय उभी राहू शकत नव्हती.

हेक्झेनच्या आजारात हे होतं, हे पुस्तकांत लिहिलेलं आहे. संपर्क तुटल्यावरही इजा झालेले तंतू मोडतच राहतात. दोन-तीन महिने, क्वचित चार, त्रास वाढतो आणि मगच थांबतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांना ते माहीत होतं. पण घरच्यांना सांगताना "हळूहळू बरं होईल" एवढंच सांगितलं गेलं होतं.

घरच्यांनी सरळ हिशेब केला. सोल्युशनने झालं असतं तर सोल्युशन सोडल्यावर कमी झालं असतं. वाढलं, म्हणजे कारण दुसरं. व्यापारीही हेच म्हणाला आणि तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्यालाही तसंच दिसत होतं. एका खाजगी डॉक्टरांनी स्टेरॉइड सुरू केली. एका नातेवाइकाने अंगारा आणला. तिसरी बाई मांडवाखाली का होईना, पण पुन्हा सोल्युशन लावायला बसली. धाकटी नागपूरहून घरी आली तेव्हा थोरलीची हालत पाहून तिनेही विचारलं, "मंग आपन बसलो काहून घरी?" आणि पंधरा दिवस ती कामाला बसली.

इथे निदान हातातून निसटत होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला आशाताईंनी वैद्यकीय अधिकाऱ्यांना गावात बोलावून घेतलं. त्यांनी ओसरीवर बसून पाचही जणींना आणि दोन्ही घरच्या पुरुषांना पुढे काय होईल ते सांगितलं, आणि या वेळी तारखांसह: थोरलीचं साधारण पोळ्यापर्यंत वाढेल, मग थांबेल, दिवाळीच्या सुमारास सुधारणा दिसू लागेल. धाकटीचं आधी थांबायला हवं होतं, पण मधल्या पंधरा दिवसांमुळे पुढे जाईल. सासूने विचारलं, "आन् नाई थांबलं तं?" उत्तर होतं, "पोळ्यानंतरही वाढलं, तर माझं चुकलं समजा आणि मी स्वतः तिला नागपूरला घेऊन जाईन."

हे धाडसाचं बोलणं होतं. पण त्यामुळे घरच्यांना पडताळून पाहायला काहीतरी मिळालं. स्टेरॉइड हळूहळू कमी करून बंद केली गेली.

निष्पत्ती

थोरलीचा त्रास ऑगस्टअखेर थांबला. दिवाळीला ती काठीने चालत होती, पुढच्या संक्रांतीला काठीशिवाय. दीड वर्षानंतर अँकल जर्क परत आलेला नाही, अंधारात तोल जातो, उकिडवं बसून निंदण जमत नाही. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. कंबरेपासून पावलापर्यंतचं अंतर भरून यायला किती वेळ लागतो ते यावरून कळावं. तेही भरून आलं तर. धाकटी दहा महिन्यांत जवळपास पूर्ववत झाली. तिसरीचं कंपन परत आलं. साठीच्या बाईचं काय शुगरचं आणि काय हेक्झेनचं, हे वेगळं करता आलं नाही.

भरपाई कोणालाच मिळाली नाही. पाच बायांची घरातली खोली कायद्याने कारखाना ठरत नाही, त्यामुळे निरीक्षक नाही, विमा नाही. त्या वेळी लागू असलेल्या १९४८च्या कारखाने कायद्यातल्या नोंदवायच्या रोगांच्या यादीत शिसं होतं, बेंझीन होतं, कार्बन डायसल्फाइड होतं, हेक्झेन नव्हतं. म्हणजे डॉक्टरने कळवायचं ठरवलं तरी त्यासाठी छापील रकाना नव्हता. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी साध्या कागदावर जिल्ह्याला पत्र लिहिलं. त्याची पोच आली.

वेगळं काय करता आलं असतं

काय काम करता, हा प्रश्न फेब्रुवारी ते जून कोणी विचारला नाही हे खरं. पण केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात "गृहिणी" असं आधीच लिहिलेलं असतं, आणि तिथेच चौकशी संपते. गावातल्या बाईला विचारायचा प्रश्न "घरी कोणतं काम घेता?" असा हवा. विड्या, पापड, चपला, पिशव्या, सगळं त्यात येतं.

लघवीचा नमुना घेता आला असता, आणि तोही कोणाला खोलीत न बसवता. काम थांबवायला सांगितलं त्या दिवशी तिसरी सकाळपासून सोल्युशन लावून आलेली होती. त्याच संध्याकाळी बाटली भरून बर्फात ठेवली असती, तर पुढे प्रयोगशाळा शोधायला वेळ मिळाला असता आणि जुलैमध्ये घरच्यांसमोर ठेवायला एक आकडा असता.

सगळ्यांत मोठा फरक मात्र जूनमध्येच पडला असता. "काम सोडल्यावर आधी वाढेल, मग थांबेल" हे वाक्य पहिल्या दिवशी केसपेपरवर मराठीत, महिन्यांच्या नावांसह लिहून द्यायला हवं होतं. ते पोळ्याच्या तोंडावर सांगितलं तेव्हाही लोकांनी ऐकलं, पण तोवर धाकटीचे पंधरा दिवस आणि तिसरीचे काही आठवडे त्या वाफेत गेले होते.

व्यापाऱ्याने आता हेप्टेनवालं सोल्युशन आणतो असं सांगितलं आहे. या गावात त्याचं काम बंद झालं. नदीपलीकडच्या दोन गावांत ते सुरू आहे, तिथल्या आशांना खोलीचा नकाशा आणि ट्यूनिंग फोर्कची तपासणी दाखवून झाली आहे, आणि त्यांनी पहिल्याच फेरीत पाहिलेल्या कॅनवर अजून चिठ्ठी नाही.